घरच्या गॅरेजमधली मिठावरची गाडी, आणि ती डावीकडे का ओढते?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. माझा प्रश्न अगदी शेवटी आहे, पण गाडी कशी आहे ते कळल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मी अमेरिकेत, यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. इथून पश्चिमेला दोन तासांच्या आत, नेवाडाच्या सीमेवरच्या वेंडोव्हर गावाजवळ बॉनव्हिलचं मिठाचं मैदान आहे. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं आणि सपाट. १९४९ पासून ऑगस्टमध्ये तिथे 'स्पीड वीक' भरतो. तो भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ ची. शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेजारीशेजारी पळणाऱ्या गाड्या येतात, इथे तसं काही नसतं. एका वेळी एकच गाडी सुटते. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही. मोजलेल्या मैलाला किती वेळ लागला तेवढं घड्याळ सांगतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त वेल्डर आजोबा राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये जमिनीवर खडूने एक लांबुळकी आकृती काढलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, "ही लेकस्टर." गाडी चालवणार त्यांची मुलगी. हिशेब करायला कुणीतरी हवं होतं, मी मेकॅनिकल इंजिनीअर, तेव्हा मी त्यांच्यात शिरले ती शिरलेच.

लेकस्टर म्हणजे चारही चाकं उघडी आणि मधलं अंग माशासारखं निमुळतं असलेली गाडी. ही कल्पना बिल बर्क यांची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये असताना त्यांनी लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या पाहिल्या. थेंबाच्या आकाराच्या, हवा कापायलाच घडवलेल्या. १९४६ मध्ये त्यांनी पी-५१ विमानाची भंगारातली टाकी घेऊन तिची गाडी केली. पुढे पी-३८ ची ३१५ गॅलनची मोठी टाकी सापडली, तिच्यात इंजिन आणि माणूस दोन्ही नीट मावायला लागले. आज त्या टाक्या मिळणं दुर्मीळ, म्हणून आमचं अंग आम्ही पत्रा आणि फायबरग्लासचं केलं. पुट्टी लावायची, पॉलिश पेपर मारायचा, हात फिरवायचा, पुन्हा पुट्टी. दोन हिवाळे त्यात गेले.

इंजिन १००० सीसी मोटरसायकलचं, ड्रायव्हरच्या मागे. मोटरसायकलसारखीच डाव्या अंगाला चेन, ती मागच्या एक्सलवर. एक्सल सलग, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही. पाइपांची चौकट, तिच्यातच रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पिंजरा. गाडीचं वजन ७५० किलो, त्यातलं ९० किलो नाकात भरलेलं शिसं.

सगळं एका रेषेत आहे का हे बघायला लेझर वगैरे आमच्याकडे नाही. गॅरेजच्या फरशीवर सुतळीला खडू लावून मध्यरेषा मारली आणि वरून ओळंबा सोडला. हा ओळंबा इस्लामपूरच्या आमच्या घरातला, बाबांचा. एका सुट्टीत घरून येताना बॅगेत घालून आणला होता, तो इथे कामाला आला.

२०२२ साली गाडी तयार झाली आणि त्याच वर्षी मिठावर पाणी साचल्यामुळे स्पीड वीक रद्द झाला. नंतरच्या खेपेला तपासणीत नापास झालो (ते पुढे कुणी विचारलं तर सांगेन). २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेवटी धावलो. सर्वात चांगला वेग ताशी १६८ मैल, म्हणजे २७० किलोमीटर. आमच्या वर्गातल्या विक्रमापासून हे खूप लांब आहे. पण घरात घडलेलं काहीतरी पांढऱ्या मैदानावर बारीक होत होत दिसेनासं झालं, आणि मग रेडिओवर आकडा आला. त्या क्षणाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

आता प्रश्न. साधारण ताशी १५० मैलांच्या पुढे गाडी डावीकडे ओढायला लागते. तिन्ही धावांत हेच झालं. ड्रायव्हर स्टीअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवते. आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला की ओढ जाते, गाडी आपोआप सरळ. टायरचा दाब तपासला, दोन्ही मागच्या टायरचा घेर मोजला, सारखाच आहे. कुठे बघू?

सांजवात

वाचता वाचता चहा गार झाला. वाखुसा (वाचनखूण साठवली)! यातलं मला काही कळत नाही, पण माझा मुलगा पिंपरीच्या कॉलेजात बाहाची (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धेची) गाडी बांधतो, रात्र रात्र वर्कशॉपमध्ये असतो. त्यामुळे पहिला प्रश्न आईचा. ती मुलगी आत बसते तेव्हा तिच्या जिवाचं काय? आणि तपासणीत नापास का झालात?

त्रिज्या

मस्त धागा. एकदोन वर्षं हवेच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) काम केलंय म्हणून लिहितो.

मला पहिला संशय दाबकेंद्राचा. बाणाला पिसं मागेच का लावतात? बाजूने हवा लागली तर तिचा जोर वजनाच्या केंद्रामागे पडावा, म्हणजे शेपूट ढकलली जाऊन टोक परत वाऱ्याकडे वळतं. गाडीचंही तसंच. वजनाचं केंद्र पुढे, हवेच्या दाबाचं केंद्र मागे. उलटं झालं तर जराशी वाकडी झालेली गाडी आणखी वाकडी होत जाते. तुम्ही नाकात शिसं भरलंय ते त्यासाठीच असणार. पण इंजिन मागे आहे, शेपटीला उभा पंख आहे का? नसेल तर ९० किलो पुरत नसावं. उजवीकडून हलका वारा असला तरी डावी ओढ जाणवेल.

आणि शेपूट किती कोनात निमुळती होते? फार पटकन आवळली असेल तर हवा अंगाला चिकटून न राहता सुटते, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी सुटत नाही.

तळकोकण

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. १००० सीसीऐवजी मोठं इंजिन का नाही घातलंत? ताकद दुप्पट केली की वेग दुप्पट, असं नसतं का?

मीठभाकर

सगळ्यांचे आभार, एकेक घेते.

@तळकोकण, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, या खेळाचा गाभाच तो आहे. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. आम्हाला ताशी २७० किलोमीटरवरून ३०० वर जायचंय, म्हणजे वेगात ११ टक्के वाढ, पण हवेसाठी लागणारी ताकद ३७ टक्क्यांनी जास्त. माझ्या हिशेबाने १६८ मैलांना आमच्या चाकांवर ११० अश्वशक्ती खर्च होते, त्यातली सुमारे ८० हवा खाते आणि ३० मीठ खातं. मीठ डांबरासारखं टणक नाही, ओलसर असतं, चाक त्यात थोडं रुततं आणि थोडं घसरतंही. म्हणूनच इथे लोक गाडी हलकी करायच्या मागे लागत नाहीत, उलट पकड यावी म्हणून वजन घालतात. शिवाय मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंच. हवा विरळ, त्यामुळे कापायला सोपी, पण इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते.

ताकदीपेक्षा आकार किती मोलाचा, याचं माझं आवडतं उदाहरण सांगते. १९६० मध्ये मिकी थॉम्पसन यांची चॅलेंजर १ गाडी एका दिशेने ४०६.६० मैल वेगाने गेली. चार पॉन्टियाक इंजिनं, दोन-दोनच्या जोडीने शेजारीशेजारी. परतीच्या धावेत गाडीने दगा दिला, म्हणून जागतिक विक्रम नोंदला गेला नाही. पाच वर्षांनी बॉब आणि बिल समर्स या भावांनी गोल्डनरॉड आणली. हिलाही चारच इंजिनं, क्रायस्लरची, पण चारही एकामागे एक ठेवलेली. गाडी जवळजवळ पावणेदहा मीटर लांब आणि समोरून पाहिली तर अगदी चिंचोळी. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नाही. १२ नोव्हेंबर १९६५ ला दोन्ही दिशांची सरासरी ४०९.२७७ मैल! ती गाडी आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. मी मुद्दाम तिकडे जाऊन तिच्या नाकासमोर उकिडवी बसून पाहिली. एवढ्याशा भोकातून चारशे मैल!

मोठं इंजिन न घेण्याचं दुसरं कारण म्हणजे वर्ग. इंजिनाच्या आकाराप्रमाणे, अंगाच्या प्रकाराप्रमाणे, साधं पेट्रोल की वेगळं इंधन, सुपरचार्जर आहे की नाही, अशा प्रत्येक जोडणीचा वेगळा विक्रम असतो. ५०० सीसीच्या आतल्या गाड्यांनाही जागा आहे. त्यामुळे पेन्शनीतल्या माणसाला त्याच्या ऐपतीच्या वर्गात विक्रम करता येतो आणि तो तितकाच खरा मानला जातो. पेट्रोलच्या वर्गात लबाडी नको म्हणून इंधन तिथलंच घ्यायचं, टाकीला सील लागतं. विक्रमापेक्षा जास्त वेग निघाला की गाडी लगेच त्यांच्या आवारात जमा करायची, ठरलेल्या तासांतच तिच्यावर काम करायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचं. दोन्ही धावांची सरासरी विक्रमाच्या वर गेली तरच नाव लागतं. एकदा नशिबाने वारा मागून आला म्हणून इथे कुणाचं नाव लागत नाही.

@त्रिज्या, उभा पंख आहे, पण लहान. शेपटीचा कोन उद्या मोजून सांगते. वारा मात्र तिन्ही धावांना वेगवेगळ्या बाजूने होता, एकदा तर डावीकडूनच. तरी ओढ डावीकडेच.

@सांजवात ताई, तुमचं उत्तर घाईत द्यायचं नाही, रात्री लिहिते.

भुजचा_पाहुणा

आपल्याकडे कच्छचं रण आहे की! पांढरं, सपाट, मैलोनमैल. दोन वर्षं भुजला नोकरीला होतो तेव्हा नेहमी वाटायचं की इथे गाडी सोडावी. कुणी का करत नाही?

दक्षिणगोल

ॲडलेडहून लिहितोय. आमच्याकडे साउथ ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनर आहे, तिथे ड्राय लेक्स रेसर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था वर्षातून एकदा असाच मेळा भरवते. मी दोनदा नुसता बघायला आणि झेंडे रोवायला गेलो होतो. आजूबाजूला लाल टेकड्या, मध्ये पांढरं तळं. पाणी, जेवण, डिझेल सगळं बरोबर न्यायचं. माशा एवढ्या की बोलायला तोंड उघडावं की नाही असा विचार पडतो.

मला सगळ्यात भावली ती लोकांची मिठाबद्दलची काळजी. प्रत्येक गाडीखाली ताडपत्री अंथरलेली असते, तेलाचा थेंब मिठावर पडता कामा नये. ते तळं तिथल्या आदिवासी समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे आणि राष्ट्रीय उद्यानात येतं, आपण तिथे पाहुणे आहोत हे येणाऱ्याला आधीच समजावलं जातं.

रणाबद्दल माझं मत: पांढरं दिसणं वेगळं आणि भार पेलणं वेगळं. मोठं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. वाळल्यावर वर मिठाची पापडी आणि खाली चिखल. पायी चालताना बरं वाटतं, पाऊण टनाची गाडी अरुंद टायरवर सोडली तर चाक कुठे फुटून आत जाईल सांगता येणार नाही. त्यात अभयारण्य आहे, रोहितांची (फ्लेमिंगोंची) वीण तिथे होते, पलीकडे सीमा. मला विचाराल तर त्या जागेला तिच्या पक्ष्यांवर सोडावं.

मीठभाकर

@दक्षिणगोल, ताडपत्रीचा नियम इथेही आहे. आणि मिठाची चिंताही आहे. जुने लोक सांगतात की थर पूर्वीपेक्षा पुष्कळ पातळ झालाय. शेजारी पोटॅशसाठी खारं पाणी दशकानुदशकं काढलं जातंय, ते मीठ परत मैदानावर सोडायचे प्रयत्नही चालू आहेत. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं स्पीड वीक झालाच नाही. चार वर्षं गाडी बांधायची आणि धावायला जमीनच उरली नाही, या भीतीने आजोबा कधीकधी गप्प होतात.

@सांजवात ताई, आता तुमचं.

जिवाचा धोका आहे. तो नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. १९२७ साली वेल्सच्या पेंडाइन वाळूवर वेगाचा विक्रम करू पाहणाऱ्या पॅरी-थॉमस यांचा त्यांच्या 'बॅब्ज' गाडीत मृत्यू झाला. त्यानंतर ती गाडी तिथेच वाळूत पुरली होती, १९६९ मध्ये उकरून काढून पुन्हा चालती केली. २०१९ मध्ये ऑरेगनच्या अल्व्होर्ड वाळवंटात जेसी कोम्ब्स गेल्या. स्वयंसेवकांनी जुन्या लढाऊ विमानाच्या सांगाड्यातून बांधलेली जेट गाडी होती ती. त्यांचा ५२२.७८३ मैलांचा वेग त्यांच्या मृत्यूनंतर महिलांचा जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. आमच्या ड्रायव्हरने त्यांचा फोटो गॅरेजच्या दारामागे लावलाय.

म्हणूनच तपासणी इतकी कडक आहे. केजचे पाइप किती जाडीचे, पट्टे किती वर्षांचे, आग विझवायची यंत्रणा, पॅराशूट, सगळं बघतात. हातांनासुद्धा पट्टे लावतात, कारण गाडी उलटली तर हात आपोआप बाहेर फेकले जातात. आम्ही नापास झालो ते बाहेर पडण्याच्या परीक्षेत. पूर्ण पोशाख, हेल्मेट, हातमोजे घालून ड्रायव्हरने कुणाच्याही मदतीशिवाय झटपट बाहेर यायचं असतं. आमच्या झाकणाची कडी मी आतून उजव्या खांद्याच्या मागे बसवली होती. गॅरेजमध्ये ती साध्या टीशर्टवर बसायची तेव्हा हात सहज पोचायचा. जाड अग्निरोधक पोशाखात पट्टे आवळल्यावर पोचेना. चूक माझी होती, रेखाटन माझं होतं. तपासणाऱ्या गृहस्थांनी आवाजही चढवला नाही, फक्त म्हणाले, "पुढच्या वर्षी या." ट्रेलरवर गाडी चढवताना ड्रायव्हरने माझ्या पाठीवर हात ठेवला. आता कडी छातीसमोर आहे आणि डोळे बांधून बाहेर यायचा सराव आम्ही दर रविवारी करतो.

वेगही एकदम वाढवू देत नाहीत. नवख्याला आधी कमी वेगाची धाव, ती नीट झाली की पुढचा परवाना. पायरी गाळता येत नाही.

तुमच्या मुलाला एक सांगा. छोट्या गोष्टीही मोजायला शीक म्हणावं. आमचं चाक १६८ मैलांना मिनिटाला सुमारे २१७० फेरे घेतं. त्या वेगाला हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट ओढ असते. दहा ग्रॅमचा व्हॉल्व्ह दहा किलोचा होतो. तो रबरी असेल तर वाकतो, हवा सुटते, आणि पुढचं सांगायला नको. म्हणून धातूचा व्हॉल्व्ह आणि धातूचंच टोपण.

सांजवात

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. रात्री मुलाला वाचून दाखवलं. व्हॉल्व्हचं ऐकून तो उठून बसला. कडीचंही ऐकलं. आता त्यांच्या गाडीच्या सीटवर तो पोशाख घालून बसून बघणार म्हणतोय.

लेथमास्तर

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत पस्तीस वर्षं लेथवर काढली. आता घरी असतो. मला हवेतलं काही कळत नाही, लोखंडातलं थोडं कळतं.

तुम्ही लिहिलंय की थ्रॉटल सोडला की ओढ जाते. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. वारा काय थ्रॉटल बघून येत नाही. वेग तर थ्रॉटल सोडल्यावर लगेच उतरत नाही, क्षणभर तेवढाच असतो. मग त्या क्षणी बदललं काय? फक्त चेनचा ताण.

आमच्याकडे गुऱ्हाळाला ऑइल इंजिन असायचं, पट्ट्यावर चरक चालायचा. एका शेतकऱ्याचा शाफ्ट सारखा बेअरिंग खायचा. मी चार वेळा जाऊन लाइन बघितली, चारही वेळा एकदम सरळ. पाचव्या वेळी चरक चालू असताना बघितलं. ऊस आत गेला, पट्टा ताणला, आणि पट्ट्याच्या बाजूचा प्लमर ब्लॉक (बेअरिंग धरणारा ठोकळा) बोटभर पुढे सरकला. ऊस संपला की परत जागेवर. बंद मशीनवर तो कधीच दिसला नसता.

तुमची चेन डाव्या बाजूला. ती डावं बेअरिंग पुढे ओढत असणार. डावी बाजू पुढे गेली की मागची चाकं उजवीकडे तोंड करतात, शेपूट उजवीकडे जाते, आणि नाक डावीकडे. चेनवर ताण किती येतो ते काढा आणि उभ्या गाडीवर तेवढा ताण देऊन बघा.

त्रिज्या

लेथमास्तर काका, दंडवत. मी हवेच्याच मागे होतो. थ्रॉटलचा मुद्दा मी वाचून सोडून दिला होता. दाबकेंद्राची गडबड असती तर थ्रॉटल सोडल्यावर ओढ एकदम गेली नसती, हे बरोबर आहे.

ताणाचा हिशेब मी करून देतो. मीठभाकर, मागच्या स्प्रॉकेटची (चेनच्या दातेरी चाकाची) त्रिज्या आणि चाकाची त्रिज्या सांगा.

मीठभाकर

चाक ३३ सेंटीमीटर, स्प्रॉकेट ९ सेंटीमीटर.

काका, वाचून अंगावर काटा आला. आम्ही दर वेळी गाडी उभी असतानाच मोजलंय. दर वेळी.

त्रिज्या

११० अश्वशक्ती आणि सेकंदाला ७५ मीटर धरले तर जमिनीवरचा ढकल सुमारे १०९० न्यूटन. गुणिले ३३, भागिले ९. चेनवर ४००० न्यूटन, म्हणजे ४०० किलोचा ओढा. सगळा डाव्या बाजूला.

लेथमास्तर

४०० किलो म्हणजे दोन म्हशींएवढं नसलं तरी एका चांगल्या म्हशीएवढं झालं. त्याला बेअरिंग धरणारी प्लेट किती जाडीची आहे?

करायचं कसं ते सांगतो. चेन इंजिनाकडून सोडवा. मोकळ्या टोकाला चेनपुली लावा आणि मध्ये टांगायचा वजनकाटा. चेनपुलीचं दुसरं टोक इंजिनाच्या माउंटिंगलाच अडकवा, भिंतीला अजिबात नको. भिंतीला लावलं तर अख्खी गाडी ओढली जाईल आणि काही कळणार नाही. मागची चाकं ब्रेक लावून जमिनीवर घट्ट. एक्सलच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडा. ओळंबा हलत राहतो, त्याच्या टोकाखाली तेलाचा डबा ठेवा, टोक तेलात बुडालं की झोका थांबतो. मग हळूहळू ताण द्या.

आणि ओळंबा पितळी आहे का लोखंडी?

तळकोकण

आता निकाल कळल्याशिवाय झोप नाही. यादरम्यान एक अवांतर: घरी बसून जगातला सर्वात मोठा विक्रम कुणी केलाय का? की ते सगळे मोठ्या कंपन्यांचे?

मीठभाकर

काका, पितळी. दुसरा इथे लोखंडी मिळाला. शनिवारी आम्ही करून बघतो. तोवर @तळकोकण चं उत्तर.

केलाय. ओहायोमधल्या अ‍ॅक्रनचे आर्ट आर्फन्स. त्यांनी जे-७९ हे लढाऊ विमानाचं जेट इंजिन मोडकं, भंगारात विकलेलं घेतलं, ५००० डॉलरला. स्वतःच दुरुस्त केलं, झाडांना बांधून चालवून बघितलं. त्या इंजिनाची 'ग्रीन मॉन्स्टर' गाडी घेऊन ते बॉनव्हिलला आले. १९६४ चा ऑक्टोबर तर वेडा महिना होता. २ तारखेपासून २७ तारखेपर्यंत सर्वात जास्त वेगाचा आकडा पाच वेळा बदलला. सुरुवात ४१३ मैलांवर, शेवट आर्फन्स यांच्या ५३६.७१ मैलांवर. आणि २ तारखेचा पहिला आकडा कुणाच्या गाडीचा? त्यांचेच भाऊ वॉल्ट यांनी टॉम ग्रीन यांच्याबरोबर बांधलेल्या गाडीचा. मधे त्यांचे प्रतिस्पर्धी क्रेग ब्रीडलव्ह १५ तारखेला ५२६ मैलांवर गेले, परतीच्या धावेत पॅराशूट निकामी झाले आणि गाडी मैदान ओलांडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात शिरली. ते पोहून बाहेर आले.

दुचाकीवाल्यांत न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचे बर्ट मन्रो. १९२० सालची इंडियन स्काउट, तीच आयुष्यभर सुधारत राहिले. पिस्टन घरी ओतायचे. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, १००० सीसीच्या आतल्या वर्गात १८४.०८७ मैल. गंमत म्हणजे तेव्हा सरासरी काढताना चूक होऊन आकडा कमी नोंदला गेला होता, तो २०१४ मध्ये दुरुस्त झाला.

आज सर्वात वरचा आकडा ७६३.०३५ मैलांचा, म्हणजे ताशी १२२८ किलोमीटर. थ्रस्ट एसएससी, १५ ऑक्टोबर १९९७, नेवाडाचं ब्लॅक रॉक वाळवंट. ध्वनीपेक्षा जास्त वेग. ते मोठ्या चमूचं काम होतं. पण चमूप्रमुख रिचर्ड नोबल यांची पहिली जेट गाडी त्यांनी स्वतःच बांधली होती, आणि ती १९७७ मध्ये उलटली होती.

भुजचा_पाहुणा

@दक्षिणगोल, पटलं. रोहितांचं मी विसरलोच होतो. मग भारतात कुणाला करायचं तर जागा कुठली?

दक्षिणगोल

इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची चाचणी पट्टी आहे, ११.३ किलोमीटरची लंबगोल, २०२१ मध्ये सुरू झाली. परवानगी आणि पैसे लागतील, पण जागा आहे. बाहाची पोरं त्या आवारात जातातच. रस्त्यावर मात्र कुणीही, कधीही नाही. ही गाडी रस्त्यासाठी नसते.

मीठभाकर

शनिवारचा वृत्तान्त.

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. इंजिनाकडून चेन सोडवली, चेनपुली इंजिनाच्याच माउंटिंगला लावली. डावीकडे बाबांचा पितळी ओळंबा, उजवीकडे लोखंडी, दोन्हींखाली जुन्या तेलाचे डबे. तेलात टोक बुडाल्यावर झोका खरंच थांबला. इतकी वर्षं मी हाताने थांबवत होते.

ताण शून्य असताना एक्सल सरळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. १०० किलोला काही नाही. २०० ला डावीकडे एक मिलिमीटर. ३०० ला दोन. ४०० ला डावीकडे साडेतीन, उजवीकडे जेमतेम अर्धा. आजोबा जमिनीवर पालथे पडून बघत होते, त्यांनी मोठ्याने आकडा वाचला आणि मग बराच वेळ कुणी बोललंच नाही. ताण सोडला. ओळंबा परत आपल्या खुणेवर.

मग डाव्या बेअरिंगचे बोल्ट काढले. प्लेट सहा मिलिमीटरची. चेन ताणता यावी म्हणून तिच्यात लांबट भोकं पाडलेली आहेत, आणि भोकाच्या कडेला बोल्टच्या वॉशरने घासून चकचकीत पट्टा पडलाय. म्हणजे थोडी प्लेट वाकत होती आणि थोडा ब्लॉक सरकत होता. उजवीकडे असा पट्टा नाही.

ड्रायव्हरला फोन लावला. ती म्हणाली, "मला वाटायचं माझाच हात चुकतोय."

लेथमास्तर

सहाची प्लेट कमी. बाराची घ्या. पण नुसती जाडी वाढवून भागणार नाही, लांबट भोक आहे तोवर ब्लॉक सरकणारच. डाव्या ब्लॉकपासून इंजिनाच्या माउंटिंगपर्यंत चेनच्या रेषेत एक पाइप टाका, टेकू म्हणून. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे पाडा, म्हणजे पाइप फिरवला की लांबी बदलेल आणि चेनचा ताणही त्यानेच लावता येईल. भोकाला काही कामच उरणार नाही. चेन जेवढं ओढेल तेवढंच टेकू मागे रेटेल.

एका टोकाला डावे आटे लागतील. तिकडे टॅप (आटे पाडायचं हत्यार) नाही मिळाला तर कळवा, माझ्याकडे जुना संच आहे, पाठवतो.

त्रिज्या

टेकू बसल्यावर हीच चाचणी ५०० किलोला करा. मिठावर पकड एकदम बदलली की ताण उसळतो.

सांजवात

कळलं किती माहीत नाही, पण मुलाने आज त्यांच्या बाहाच्या गाडीची चेन कुठल्या बाजूला आहे ते जाऊन बघितलं. डाव्या.

मीठभाकर

काका, डावा टॅप आजोबांकडे निघाला, गंजलेला पण चालतोय. बाराची प्लेट आणलीय. टेकूचा पाइप आज कापला, आटे उद्या पाडू. ५०० किलोचं मोजलं की इथेच आकडे टाकते.